काटा खरा असला पाहिजे

ओझरच्या विघ्नहराच्या दर्शनाला आलेल्या गाड्या देवळाकडे वळतात, तिथून थोडं पुढे कुकडी नदीच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी टाटामोबाइल 206 उभी होती. मागच्या हौद्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट, पुढे उघडं बॉनेट आणि स्टिअरिंगखाली पाठीवर झोपलेला वायरमन. गाडीचे तिन्ही काटे बिघडले होते. डिझेलचा काटा टाकी भरली तरी मधेच थांबे, टेम्परेचरचा हलतच नसे आणि वेगाचा थरथरत असे. हेडलाइट लावले की डिझेलचा काटा एकदम दचके. मालक आबांनी नवे मीटर आणून ठेवले होते. वायरमन म्हणाला, "आबा, मीटर लगेच बसवू नका. आधी बघू, खोटं कोण बोलतंय."

या गाडीचा जन्म आपल्याच पुणे जिल्ह्यातला. सुमंत मुळगावकरांनी पिंपरी-चिंचवडच्या माळावर टेल्कोचा कारखाना उभा केला. तिथूनच 1986 मध्ये 407 आणि 1988 मध्ये टाटामोबाइल रस्त्यावर आली. 1991 ची सिएरा याच पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली. टेल्कोचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं. त्याआधीच्या या पिकअप आज मोजक्याच दिसतात. जुन्नर-आंबेगावात कुठे एखादी जपलेली दिसली की ती शेतमालाच्या पिढ्यांची साक्ष वाटते.

डॅशवरचा काटा स्वतः काहीच मोजत नाही. त्याला निरोप दुसरीकडून येतो. डिझेलच्या टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. त्याचा दांडा बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकतो, तसा विजेला होणारा अडथळा बदलतो आणि त्या प्रमाणात काटा वळतो. इंजिनच्या डोक्यात बसवलेल्या सेन्सरमधला अर्धवाहक मणी तापला की त्याचा अडथळा घटतो आणि टेम्परेचरचा काटा चढतो. ऑइल प्रेशरचा काटा कुठे अशाच सेन्सरवर चालतो, तर कुठे बर्दों या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये शोधलेल्या वाकड्या नळीवर. तेलाचा दाब वाढला की ही नळी सरळ होऊ पाहते आणि तेवढ्याच हालचालीवर काटा फिरतो.

स्पीडोमीटर या सगळ्यांहून वेगळा. त्याला वीज लागत नाही. गिअरबॉक्समधून निघालेली लवचीक केबल मीटरमागचं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, तरी फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती ओढली जाते. केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत काटा जिथे थांबेल, तो आपला वेग. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक गाड्या याच युक्तीवर वेग सांगत राहिल्या.

म्हणून मीटर बदलण्याआधी निरोप्याची चौकशी करायची असते. वायरमनने प्रथम बॅटरीची अर्थ काढली. मग प्रत्येक वायरीवर कागदी टेप गुंडाळून पेनाने आकडा टाकला आणि मगच जोड सुटे केले. मीटरच्या मागे अर्थच्या वायरीची रिंग हिरवी पडली होती. हेडलाइट लावले की त्यांचा परतीचा प्रवाह वाट शोधत मीटरमधून जात होता, आणि काटा दचकत होता तो यामुळेच. पॉलिश पेपरने रिंग घासून पक्की केली आणि दचकणं संपलं. त्याला एक रुपयाचाही सुटा भाग लागला नाही.

डिझेलच्या काट्याची परीक्षा टाकीपाशी झाली. फ्लोटची वायर काढून तिथे ठराविक मापाचे रेझिस्टन्स एकेक लावून पाहिले, तेव्हा काटा योग्य जागी गेला. म्हणजे मीटर शाबूत होतं. झिजली होती ती टाकीतली तार. इथेच अनेकांचे पैसे फुकट जातात. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या अनेक मीटरना 10 ते 180 ओहमचा फ्लोट चालतो, जुन्या अमेरिकन जनरल मोटर्सच्या गाड्यांना 0 ते 90 ओहमचा. एकीकडचं मीटर आणि दुसरीकडचा फ्लोट यांची गाठ बांधली, तर नव्याकोऱ्या काचेखालचा काटाही आयुष्यभर खोटं बोलतो. फ्लोट बदलल्यावर रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटरचे कॅन ओतले आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते वहीत लिहून घेतलं.

टेम्परेचरचं मीटर मात्र खरोखर मेलं होतं, आतली गुंडाळी तुटलेली. मालकांनी आणलेल्या मीटरपैकी हे एकच बसवलं, पण परीक्षेशिवाय नाही. स्टोव्हवर पातेलं ठेवून त्यात जोडाचा नवा सेन्सर आणि थर्मामीटर सोडले. वायरी मीटरला जोडल्या. पाणी तापू लागलं तसा काटा हलला, मध्यावर आला, वर सरकला. ओझर समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. पातेल्यात बुडबुडे फुटले तेव्हा काटा जिथे होता, त्या जागेची खूण वायरमनने काचेवर बाहेरून पेन्सिलीने केली. शाळेत शिकलेलं विज्ञान त्या पत्र्याच्या शेडमध्ये असं कामाला येताना पाहून मन भरून आलं.

स्पीडोमीटरची डायल पिवळी पडली होती. तो रंग तसाच ठेवला. थिनरने पुसली की जुन्या डायलचे आकडे निघून जातात, म्हणून मऊ सुक्या कपड्याने फक्त धूळ टिपली. केबल बाहेर काढून धुतली आणि ग्रीसचा पातळ हात दिला, तेव्हा काट्याची थरथर थांबली. मीटर बदलावंच लागलं असतं, तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारावी लागली असती. तिथे सापडलेल्या मीटरचा आकार जुळणं पुरेसं नसतं. केबलचे किती फेरे म्हणजे एक किलोमीटर, तो हिशेबही जुळावा लागतो. टायरचं माप बदललं तरी हा हिशेब चुकतो. स्पीडोमीटरला थोडी चूकभूल माफ असते, पण ओझरच्या वळणांवर तेवढीही नको वाटते.

मीटर बदलताना आणखी एक गोष्ट जपायची असते, ती म्हणजे गाडीचं वय. दुसऱ्या गाडीचं मीटर बसवलं की तिचे किलोमीटर आपल्या गाडीच्या नावावर चढतात. म्हणून बदलाच्या दिवशीची तारीख, जुना आकडा आणि नवा आकडा वहीत लिहून ठेवावा, आणि गाडी विकताना ते पान पुढच्या मालकाच्या हाती द्यावं. आकडा मागे फिरवून गाडी तरुण करणारे लोक फक्त गिऱ्हाईकाला फसवत नाहीत. ते गाडीचंही नुकसान करतात, कारण ऑइल आणि बेल्ट कधी बदलायचे, हे त्या आकड्यावरच ठरतं.

संध्याकाळी गाडी नारायणगावच्या वाटेला लागली. पुणे-नाशिक रस्त्यावर काटा 60 वर स्थिर धरून किलोमीटरचे दगड घड्याळावर मोजले, तर दोन दगडांमध्ये अगदी मिनिट लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे क्रेट भरून ती कल्याणच्या बाजाराला निघाली. माल उतरवून परतताना माळशेज घाट चढायला लागतो, तिथे इंजिनाची खरी कसोटी असते. आबांनी नंतर सांगितलं, की अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा पेन्सिलीच्या खुणेकडे सरकू लागला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन मंद चालू ठेवलं आणि काटा खाली येईपर्यंत वाट पाहिली. आधीच्या खेपांना ते नाकाने वास घेत आणि कानाने इंजिन ऐकत घाट चढायचे. काचेवरची ती पेन्सिलीची खूण त्यांनी अजून पुसलेली नाही.