घरचा नंबर, तिथलं नेट

बुलडाणा जिल्ह्यातलं रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, घाटाच्या तोंडाशी वसलेलं गाव. खानदेशातून वऱ्हाडात येणारी वाट याच भागातून जायची. म्हणूनच 1437 मध्ये बहामनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या, आणि 1590च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठीची लढाईही याच शिवारात झाली. खुदावंतखान महदवीने 1582 मध्ये बांधलेली मशीद त्या काळाची खूण म्हणून गावात आहे. त्या काळी लांब गेलेल्या माणसाची खबर घरी यायला महिने लागत. आज मलकापूरला गाडी धरून मुंबई गाठणारा माणूस दुसऱ्या दिवशी जेद्दात, दुबईत किंवा फ्रँकफुर्टमध्ये उतरतो, आणि विमानाची चाकं टेकल्याबरोबर घरच्यांना त्याचा ‘पोहोचलो’ हवा असतो.

तो निरोप आला नाही की आपण परदेशातल्या नेटवर्कला दोष देतो. बहुतेक वेळा खरं कारण इथलंच असतं: निघण्याआधी करायची एखादी गोष्ट राहून गेलेली असते. तिकडे गेल्यावर ती दुरुस्त करायला नेट लागतं, आणि नेमकं तेच नसतं. म्हणून ही माहिती बॅग भरायला घेण्याआधीची.

रोमिंगमध्ये नेमकं काय होतं

प्रत्येक सिमला एक ओळखक्रमांक असतो. तो आपल्या मोबाईल नंबरापेक्षा वेगळा. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात. भारताचे 404 किंवा 405. जेद्दातल्या टॉवरने ते अंक वाचले की तिथली कंपनी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे चौकशी करते: हा ग्राहक तुमचाच ना, याला सेवा देऊ का? होकार आला तरच फोनवर रेंज दिसते. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेलं नसेल तर होकार येत नाही आणि फोन नुसता ‘नो सर्व्हिस’ दाखवत राहतो.

होकार मिळाल्यावरही तुमचं नेट सरळ जेद्दातून बाहेर पडत नाही. सहसा ते आधी भारतातल्या कंपनीकडे येतं आणि इथून जगात जातं. म्हणून रोमिंगमध्ये नेट जरा संथ वाटतं. पण या वळशाचा एक फायदाही आहे, तो चीनबद्दल सांगताना येईल.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ नावाचं एक बटण असतं. घरच्या सिमवर परदेशी पॅक मारलेला नसेल तर हे बटण बंदच ठेवा. आपण हातही लावला नाही तरी फोन आतल्या आत फोटोंचा बॅकअप घेतो, ॲप अपडेट करतो, आणि पॅकशिवायचं रोमिंग नेट फार महाग पडतं. विमानात आणि समुद्रातल्या क्रूझवर आणखी सांभाळा. तिथे उपग्रहावर चालणारं वेगळंच नेटवर्क असतं आणि देशाचा नेहमीचा पॅक त्याला लागू होईलच असं नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकलेला बरा.

ओटीपी येणारा नंबर जिवंत ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि दुर्लक्षही याच्याकडेच होतं. बँक, आधार, यूपीआय, रेल्वेचं तिकीट, विम्याचा हप्ता, सगळ्याची किल्ली तुमच्या जुन्या भारतीय नंबरात आहे. परदेशात स्वस्त नेट मिळतं म्हणून ते सिम काढून पाकिटात ठेवलं, की ओटीपी यायचे बंद.

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांचं उदाहरण घ्या. मुक्काम सहासहा महिन्यांपर्यंत लांबतो. इकडे रिचार्जची मुदत संपते, आणि सलग 90 दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनीला बंद करता येतो. काही काळाने तोच नंबर नव्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. असे नंबर यूपीआय खात्याला जोडलेले राहू नयेत म्हणून बँकांनी नोंदी नियमित तपासाव्यात, अशी सूचना यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 2025 मध्ये दिली. तरीही आपला नंबर सांभाळणं हे आपलंच काम.

त्यासाठी निघण्याआधी लांब मुदतीचा रिचार्ज करून घ्या. गावातला भाऊ किंवा पुतण्या मधल्या काळात रिचार्ज मारू शकतो. नंबर आणि तारीख त्याला लिहून द्या. रोमिंग सुरू आहे का, परदेशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, वायफायवरून कॉल आणि मेसेज घेता येतात का, हे आपल्या कंपनीला विचारून घ्या. येणाऱ्या एसएमएसचे सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे सिम नुसतं फोनमध्ये चालू राहिलं तरी ओटीपीची सोय होते.

आणखी एक. प्रवासात असताना यूपीआयचं ॲप काढून पुन्हा टाकू नका, आणि नवा फोन घेतलात तरी जुना लगेच मोडीत काढू नका. ॲपची नोंदणी करताना त्याच सिमवरून एक एसएमएस बँकेकडे जावा लागतो. तो परदेशातून गेला नाही तर घरी येईपर्यंत ॲप अडकून पडतं. व्हॉट्सॲपचं मात्र तसं नाही. नवं सिम घातलं की ते ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारतं. नाही म्हणा, जुन्याच नंबरावर सगळं सुरू राहतं.

ई-सिम आणि क्यूआर कोडचा कागद

घरचा नंबर फोनमध्ये राहू द्यायचा आणि नेट तिथलं वापरायचं, यासाठी आज सगळ्यात सोपी सोय ई-सिमची. या सिमचं वेगळं कार्ड नसतं. फोनमध्ये बसवलेल्या चिपमध्ये कंपनीची माहिती उतरवून घ्यायची असते. 2016च्या सुमारास याचं जागतिक मानक ठरलं, 2018च्या आयफोनांपासून ते जास्त पसरलं. आज बऱ्याच मधल्या किमतीच्या फोनांतही ते असतं. तुमच्या फोनमध्ये आहे का ते बघायचं तर *#06# डायल करा. आयएमईआयबरोबर ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक आकडा दिसला तर सोय आहे.

प्रवासाचं ई-सिम विकत घेतलं की ईमेलवर क्यूआर कोड येतो आणि तो फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचा असतो. अडचण इथे येते: कोड ज्या फोनमध्ये आला, त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? विमानतळाच्या बाकावर बसून एकाच फोनशी झटणारी माणसं याच कोड्यात अडकलेली असतात. काही नव्या फोनांत कोडावर बोट दाबून धरलं की काम होतं, सगळ्यांत होत नाही. साधा उपाय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून त्या कोडाची प्रिंट काढायची आणि घरच्या वायफायवर, निघायच्या आदल्या दिवशी ई-सिम उतरवून घ्यायचं. बऱ्याच ई-सिमांची मुदत परदेशातलं नेटवर्क पकडल्यापासून मोजली जाते, काहींची उतरवल्यापासूनच. तेवढं खरेदीआधी वाचा. कोड बहुधा एकदाच चालतो, म्हणून नेट मिळत नाही या रागात ई-सिम डिलीट करू नका.

पोहोचल्यावर मोबाईल डेटासाठी ई-सिम निवडा आणि त्याचं डेटा रोमिंग चालू करा. हो, चालू. प्रवासी ई-सिम सहसा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि तिच्या हिशेबाने तुम्ही रोमिंगवरच असता. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमचं चालू, या एका जोडीत बहुतेकांची अडचण सुटते.

मक्का, मदिना आणि दुबई

उमऱ्याला किंवा हजला निघालेल्यांना आता फोनशिवाय चालत नाही. मदिनेतल्या मशिदीत रियाजुल जन्नात नमाज पढायची तर सौदीच्या नुसुक ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये ‘हज सुविधा’ ॲप सुरू केलं. दोन्ही ॲप घरीच टाका, नोंदणी घरीच करा. सौदीत स्थानिक सिम घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे सिम ज्याचं त्यालाच काउंटरवर जावं लागतं.

हजच्या दिवसांत मिनात आणि अराफातवर लाखो माणसं एकाच जागी असतात. कॉल लागत नाही तेव्हा लेखी निरोप जाण्याची शक्यता जास्त, कारण त्याला फार कमी जागा लागते. म्हाताऱ्या आईवडिलांच्या फोनवर सकाळीच व्हॉट्सॲपचं ‘लाइव्ह लोकेशन’ आठ तासांसाठी सुरू करून सोबत्याला पाठवून ठेवा. आणि तंबूचा क्रमांक, हॉटेलचं नाव, गटप्रमुखाचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. बॅटरी संपली तरी कागद चालतो.

दुबई-अबुधाबीची अडचण वेगळी. तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं, पण व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. तिथे कामाला असलेले लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. ते ॲप घरच्यांच्या फोनमध्येही हवं, म्हणून निघण्याआधी आईच्या फोनवर टाकून एकदा कॉल करून बघा. व्हीपीएन वापरून वाट काढायचा सल्ला तिकडचे सोबती सर्रास देतात. तो घेऊ नका. व्हीपीएनच्या आडून गुन्हा केल्यास अमिरातीच्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहॅम दंड आहे, आणि पहिल्या पगाराची वाट बघणाऱ्या पोराने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

युरोप

युरोपीय संघात 15 जून 2017 पासून रोमिंगचा जादा आकार रद्द झाला, आणि 2022 मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला गेला. जर्मनीत घेतलेलं सिम पॅरिसला, रोमला, नॉर्वेतही त्याच दरात चालतं. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन मात्र या नियमात नाहीत. सहलीवाल्या बस स्वित्झर्लंडमध्ये शिरतात आणि प्रवाशांचा पॅक तिथे संपतो, म्हणून पॅक घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे का ते बघा. जर्मनीत प्रीपेड सिमलाही 2017 पासून ओळखपत्राची पडताळणी लागते. शिकायला जाणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यापुरतं ई-सिम सोबत न्यावं आणि स्थानिक सिम निवांत घ्यावं.

अमेरिकेतला फोन

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं. जुन्या फोनवर नेट चालेल, पण फोरजीवरून कॉल करायची सोय तिथल्या नेटवर्कशी जुळली नाही तर साधा कॉल लागत नाही. जुना फोन घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उलट बाजूची अडचण आपल्या गावापर्यंत पोहोचते. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन 14 आणि त्यापुढचे फोन सिमच्या खाचेशिवाय येतात. मुलाने तिकडून प्रेमाने पाठवलेला फोन वडिलांच्या हातात पडतो आणि सिम घालायला जागाच नसते. फोन बिघडलेला नसतो. भारतीय नंबर ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो, तो जुन्या फोनवर सुरू असतानाच.

चीन

चीनमध्ये गुगल, व्हॉट्सॲप, फेसबुक बंद आहे. तिथल्या हॉटेलच्या वायफायवरही ते उघडत नाही. रोमिंगचा वळसा इथे कामाला येतो. भारतीय सिमचं रोमिंग नेट आधी देशाबाहेर जात असल्यामुळे व्हॉट्सॲप सहसा चालतं. व्यापारासाठी ग्वांगझौला जाणाऱ्यांनी स्थानिक सिमवर विसंबू नये.

फुकटचं वायफाय

न्यूयॉर्कमध्ये 2016 पासून जुन्या टेलिफोन बूथांच्या जागी लिंक एनवायसीचे वायफायचे खांब उभे राहिले, सिंगापूरमध्ये सार्वजनिक वायफाय 2006 पासून आहे. आपल्याकडे रेल्वे स्टेशनांवरची सोय जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली आणि आज ती सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर पोहोचली आहे. रोज पहिला अर्धा तास फुकट मिळतो. नकाशा उतरवायला, घरी निरोप द्यायला हे वायफाय उत्तम. बँकेचं काम मात्र आपल्या सिमच्या नेटवरच करा. विमानतळाच्या नावासारखंच नाव देऊन कुणीही हॉटस्पॉट उघडू शकतो. मुक्कामाच्या शहराचा नकाशा गुगल मॅप्सवर ऑफलाइन ठेवला तर नेट नसतानाही वाट सापडते.

काश्मीरसाठी वेगळा नियम

देश तोच असला तरी जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं चालत नाहीत. पोस्टपेड चालतं. वैष्णोदेवी, अमरनाथ किंवा श्रीनगरला निघालेल्या गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, बाकीच्यांना त्यांच्या हॉटस्पॉटवर भागवता येतं. निघण्यापूर्वी प्रीपेडचं पोस्टपेड करून घेता येतं, पण बदल लागू व्हायला वेळ लागतो, आदल्या रात्री ते जमत नाही.

लोणारला येणारे पाहुणे

बुलडाणा जिल्ह्यात परदेशी पाहुणे येतात ते मुख्यतः लोणारचं विवर बघायला. 2020 मध्ये तिथलं सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. त्यांची अडचण आपल्या उलट: आपल्याकडची बरीच ॲप आणि स्टेशनावरचं वायफाय भारतीय नंबरावर ओटीपी मागतं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून मुंबईच्या विमानतळावरच सिम घ्यायला त्यांना सांगा, गावाकडच्या दुकानात परदेशी माणसाची कागदपत्रं पुरी करणं अवघड जातं. डोंगरात फिरणारे काही जण उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत आणतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असं यंत्र भारतात बाळगता येत नाही आणि त्यापायी पर्यटकांना अटकही झाली आहे. तुमच्याकडे कुणी येणार असेल तर हे त्याला तिकीट काढण्याआधीच कळवा.