पहिल्या मात्रेपूर्वीचा प्रश्न

विशी-पंचविशीतील मुलास वा मुलीस कर्करोग झाल्याचे कळते, तेव्हा घरावर आभाळच कोसळते. आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'डॉक्टर, पोर वाचेल ना?' तो स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ विचारावयास हवा असा दुसरा प्रश्न त्या घाईत मागे राहतो. हे पोर बरे झाले, तर पुढे त्याला मूलबाळ होईल काय?

हा प्रश्न अवेळी नव्हे. त्याची वेळ तीच आहे. सायक्लोफॉस्फामाइडसारखी कित्येक औषधे रोगाबरोबर अंडाशयास व वृषणासही इजा करतात. ओटीपोटावरील किरणोपचारांचेही तेच. स्त्री जन्मास येते ती बीजांचा मोजका साठा घेऊनच. तो संपला की पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच जे राखावयाचे, ते शक्यतो औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच राखले पाहिजे.

आणि ते राखता येते. गोठविलेल्या वीर्यापासून गर्भधारणा होऊ शकते हे १९५३ सालीच सिद्ध झाले. पुरुषाच्या बाबतीत हे काम एक-दोन दिवसांत उरकते. स्त्रीबीजे काढण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, परंतु त्यासाठी आता मासिक पाळीची वाट पाहावी लागत नाही. गोठविलेल्या अंडाशयाच्या ऊतींचे पुनरारोपण केल्यानंतर बेल्जममध्ये २००४ साली एका कर्करोगमुक्त स्त्रीस अपत्य झाले. वयात न आलेल्या मुलींना हाच मार्ग मोकळा आहे. तशा मुलग्यांसाठीचे उपाय अद्याप प्रायोगिक आहेत. तीव्र रक्तकर्करोगात तर दोन आठवडे थांबणेही जिवावर बेतू शकते. यशाची हमी कोणी देऊ नये. परंतु मार्ग आहे एवढे तरी रुग्णास सांगितलेच पाहिजे.

मुंबईस हे शास्त्र परके नाही. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. तेथून पायी जाण्याच्या अंतरावरील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी १९८६ साली परीक्षानळीतील बालिका जन्मास आली. कर्करोगाची चिकित्सा आणि अपत्यप्राप्तीची विद्या अशा शेजारी नांदत असता, देशातील कोणत्याही रुग्णाला एकीकडून दुसरीकडची वाट कळू नये, हे शोभत नाही.

दोष केवळ वैद्यकाचा नव्हे. लग्नाच्या मुलीसंबंधी असे बोलणे आपल्या घरांत अप्रशस्त मानले जाते. संकोचापायी आईबाप गप्प बसतात आणि त्या मौनाची किंमत ती मुलगी जन्मभर मोजते.

आमचे म्हणणे थोडके आहे. उपचारांच्या संमतिपत्रात या प्रश्नास एक रकाना असावा. शासकीय आरोग्ययोजना व विमा यांत या खर्चास निःसंदिग्ध स्थान मिळावे. निर्णय रुग्णाचाच राहो. कोणी नको म्हटले, तर तोही त्याचा अधिकार. परंतु नकार देण्यासाठीसुद्धा आधी कोणी विचारावे लागते. प्राण वाचविणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य खरे. वाचलेल्या प्राणास पुढे आयुष्य आहे, याचे भान ठेवणे हे दुसरे.