अँटवर्पहून हिरा न आणता

बेल्जियममधील अँटवर्प हे शहर आपल्या समाजाला नावाने अपरिचित नाही. गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून पालनपूर परिसरातील जैन व्यापारी तेथे स्थिरावले. लहान आकाराचे कच्चे हिरे सुरतेला पाठवून त्यांना पैलू पाडून घेण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली आणि पूर्वी प्रामुख्याने ज्यू बांधवांच्या हाती असलेल्या या व्यापारात मोठा वाटा मिळवला. विवाहाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला कोठे जावे, असा विषय घरात निघाला तेव्हा मुलांनी पॅरिस सुचवले. सौभाग्यवतीने मात्र अँटवर्पचे नाव घेतले. कारण साधे होते. "तिथं आपलं मंदिर आहे," ती म्हणाली.

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, विमानाने ब्रुसेल्स आणि तेथून रेल्वेने तासाभराच्या आत अँटवर्प, असा आमचा जून महिन्यातील प्रवास झाला. जंक्शनच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला तेथील मध्यवर्ती स्थानक पाहून विशेष आनंद होतो. १९०५ साली सुरू झालेली ती घुमटाची वास्तू राजवाड्यासारखी भासते आणि तिच्या पोटात तीन पातळ्यांवर रूळ आहेत.

जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांना ही मोठीच सवलत. तरीही सौ. नेहमीप्रमाणे साडेसहाला खोलीतच खाखरा, ठेपले आणि दही पुढे घेऊन बसे. सवलत मिळाली म्हणून ती घेतलीच पाहिजे असे नाही, हे तिचे मत. विलराइक या उपनगरातील शंखेश्वर पार्श्वनाथांच्या शुभ्र संगमरवरी मंदिरात दर्शन घेतले, त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून प्रवासाचा शीण उतरला.

स्थानकाजवळच होव्हेनियर्सस्ट्राट ही हिरेबाजाराची गल्ली आहे. बाहेरून ती अगदी साधी दिसते. येथे परंपरेने सौदा ठरला की हस्तांदोलन करून 'माझल' हा शब्द उच्चारतात. शब्द दिला की व्यवहार पक्का. मग व्यापारी ज्यू असो वा जैन. तारण, जामीनदार आणि तीन-तीन सह्यांच्या जगात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हे नवलाचे वाटले. अर्थात केवळ विश्वासावर भांडवल उभे राहत नाही. हिरे व्यापाऱ्यांना कर्ज देणारी तेथील अँटवर्प डायमंड बँक २०१४ साली गुंडाळण्याचा निर्णय झाला. पुढे प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव खाली आणले आणि २०२४ च्या प्रारंभापासून युरोपीय संघाने रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. अँटवर्पमध्ये माल अडला की सुरतेच्या घंटीवर बसलेल्या कारागिराच्या घरी त्याची झळ पोहोचते.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्लांटिन-मोरेटस संग्रहालय पाहिले. सोळाव्या शतकातील हा छापखाना जगातील सर्वांत जुन्या मुद्रणयंत्रांसाठी प्रसिद्ध आहे. पण माझे लक्ष वेधले ते तेथील हिशेबाच्या वह्यांनी. या घराण्याचे व्यापारी दप्तर २००१ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत नोंदले गेले आहे. संस्थापक क्रिस्तोफ प्लांटिन यांच्या मुली लहानपणीच मुद्रितशोधनाला हातभार लावत. त्यांतील मार्टिना हिने १६१० साली पती निवर्तल्यावर मुलांच्या साथीने हा व्यवसाय सांभाळला. ही माहिती ऐकताना सौ. बराच वेळ त्या दालनात थांबली.

सायंकाळी एका सराफाच्या दुकानात मी तिच्यासाठी अंगठी पसंत केली. तिने ती बोटात घातली, प्रकाशात न्याहाळली आणि शांतपणे परत ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, ही अंगठी लॉकरमध्येच राहील. तेवढी रक्कम माझ्या एकटीच्या नावावर ठेवा. तिचं काय करायचं ते मी ठरवीन."

आमची सर्व खाती संयुक्तच आहेत. तरीही तिच्या बोलण्यातला अर्थ माझ्या ध्यानात आला. तिचे वडील गेले तेव्हा तिच्या आईला पासबुकावर सही कोठे करायची हेही ठाऊक नव्हते. तिने ते जवळून पाहिले होते. आनंदाच्या सहलीत असा विषय अशुभ मानावा, असे मला वाटले नाही. शेल्ड नदीखालून १९३३ साली बांधलेला पादचारी बोगदा आहे. लाकडी सरकते जिने तेथे अजूनही चालू आहेत. जमिनीखाली एकतीस मीटरवरून ते ५७२ मीटरचे अंतर आम्ही दोघांनी तिच्या गुडघ्याच्या मानाने सावकाश पार केले आणि चालता चालता साऱ्या ठेवींची उजळणी केली. कोणती पावती कोठे, वारसनोंद कोणाची, विमा कधी पूर्ण होतो. पलीकडच्या तीरावर पोहोचलो तेव्हा १५२१ साली पूर्ण झालेल्या कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा संध्याकाळच्या उन्हात उजळला होता. ती म्हणाली, "आता फोटो काढा."

परतल्यावर तिच्या स्वतंत्र नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडले. पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे तीस लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. संयुक्त खात्यावर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' ही सूचना स्पष्ट नोंदलेली आहे का, तेही पाहावे. वारसनोंद झालेली व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. म्हणून मृत्युपत्र दोघांचेही असावे.

लग्नाचा वाढदिवस साजरा करण्यास युरोपलाच जावे असे नाही. नवेगावबांधच्या काठावर बसूनही हा हिशेब समजावून घेता येतो. फक्त तो दोघे हयात असताना, एकत्र बसून आणि घाई न करता व्हावा, एवढीच वाचकांना विनंती.