वाघाच्या गळ्यातला अँटेना

अँटेना किती लांब हवा, हे लहरीच्या लांबीवर ठरते. १५० मेगाहर्ट्झची लहर २ मीटरची, म्हणजे पाव लहरीचा अँटेना ५० सेंटिमीटरचा. वाघांच्या रेडिओ कॉलरमधला व्हीएचएफ संकेत साधारण याच टापूतला. ताडोबातून २०२४ मध्ये ओडिशातल्या सिमिलीपालला नेलेली झीनत वाघीण झारखंडमार्गे पश्चिम बंगालात शिरली, तेव्हा तिचा माग कॉलरवरूनच काढला गेला आणि डिसेंबरअखेर ती बांकुडा जिल्ह्यात पकडली गेली.

कॉलरमध्ये मावावा म्हणून अँटेना आखूड केला की तो अगदी अरुंद पट्ट्यातच नीट चालतो. त्यात मांस आणि पाणी जवळ आले की त्याची वारंवारता खाली सरकते. उन्हाळ्यात ताडोबाचे वाघ पाणवठ्यात तासन्‌तास बसतात. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८०, हवेचा १. कोरड्या गळ्यासाठी जुळवलेला अँटेना तिथे बेसूर होतो.

यावर उपाय म्हणजे विजेच्या दाबाने धारिता बदलणारा कपॅसिटर. त्यात बेरियम स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा थर असतो. दाब वाढवला की परावैद्युतांक घटतो, धारिता उतरते आणि अँटेनाची वारंवारता वर चढते. थर पातळ हवा, कारण सगळी करामत विद्युतक्षेत्राची आहे. अर्ध्या मायक्रोमीटरच्या थरावर १० व्होल्ट दिले की जे क्षेत्र मिळते, त्यासाठी १ मिलिमीटर जाडीला २०,००० व्होल्ट लागतील. धारिता निम्मी झाली, तर निव्वळ त्याच कपॅसिटरवर चालणाऱ्या मंडलाची वारंवारता सुमारे १.४ पट होते. अँटेनात इतरही धारिता असल्याने प्रत्यक्ष फरक कमी पडतो.

कपॅसिटर अँटेनाच्या मोकळ्या टोकाशी बसवला तर तो सर्वाधिक परिणाम करतो, पण तिथेच रेडिओ-व्होल्टेजही सर्वाधिक असते. नियंत्रणाचा दाब मोठ्या रोधकातून द्यावा लागतो, नाहीतर संकेत त्याच वाटेने गळतो. विजेरीवर मात्र भार जवळजवळ पडत नाही. कपॅसिटरमधून प्रवाह नगण्य जातो. मोबाइल फोनच्या अँटेनांत असे कपॅसिटर वापरले गेले आहेत.

ताडोबाच्या चंद्रपूर जिल्ह्यात खरी अडचण उष्णतेची. हा पदार्थ तापमानाला फार हळवा असतो. नुसत्या बेरियम टायटॅनेटचा संक्रमणबिंदू, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक गुण नाहीसा होण्याचे तापमान, १२० अंशांजवळ असतो. स्ट्रॉन्शियम मिसळून तो खाली आणतात. त्या बिंदूच्या वर तापमान वाढले की परावैद्युतांक उतरत जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मुलखात, दाब ठरवताना तापमापकाचीही जोड द्यावीच लागेल. एवढे करूनही जुळणी फक्त सरकलेली वारंवारता परत आणते; पाण्याने शोषलेली ऊर्जा कोणताही कपॅसिटर परत देत नाही.