पांढऱ्या पातळांना रंग

आई जाऊन दोन वर्षं होत आली तरी तिची सात पातळं ट्रंकेत तशीच पडून होती. सगळी सुती आणि सगळी पांढरी. एखाद्याला फार तर बोटभर करडा काठ. बाबा १९८४ साली गेले तेव्हा आई ४८ वर्षांची होती. २०२२ मध्ये ती गेली. मधली ३८ वर्षं तिनं दुसरा रंग नेसला नाही. पातळं कुणाला द्यावीत, तर पांढरं पातळ घेणार कोण? आणि टाकून तर देववत नव्हतीच.

दर हिवाळ्यात माझी मावशी महिनाभर आमच्याकडे एकलहऱ्याला येते. वय ७९. अजून सुई स्वतः ओवते. गेल्या खेपेस तिनं ट्रंक उघडली, पातळं बोटांनी चाचपून पाहिली आणि निकाल दिला, "गोधडी कर. अशी सुतं आता मिळायची नाहीत."

मी म्हटलं, "सगळी पांढरीच गोधडी? रंगवून घेऊ या का आधी?"

मावशीनं हातातलं पातळ खाली ठेवलं. "तिनं अडतीस वर्षं रंग लावला नाही. आता ती गेल्यावर तू लावणार होय?"

मी गप्प बसले. बँकेत ३४ वर्षं काढल्यामुळे एक सवय आहे. समोरच्याचा मुद्दा बिनतोड असला की फाइल बाजूला ठेवायची; निकालात काढायची नाही.

नाशिकरोड ओलांडून पुढे आलं की वीजनिर्मिती केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. तेच आमचं एकलहरे. पहिला संच १९७० साली सुरू झाला त्या सुमारास बाबा इथं नोकरीला आले. वसाहतीत खानदेश, विदर्भ, कोल्हापूर, कोकण असा सगळा महाराष्ट्र शेजारी राहत होता. नाशिकची थंडी सर्वांना सारखीच लागे. दिवाळी संपली की दुपारी क्वार्टरांच्या अंगणात सतरंज्या पडत आणि त्यांवर गोधड्या. कुणी गोधडी म्हणे, कुणी वाकळ. टाक्यांवरून वाद होत. पण साहित्य एकच असे : नेसून नेसून मऊ झालेलं सुती लुगडं, धोतर, सदऱ्याच्या पाठी. कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करीत मध्याकडे यायचं. मधल्या भागाला पोट म्हणायचं.

ते जुनं सुती कापड आता घरात राहिलेलं नाही. ऐंशीच्या दशकात टेरिकॉट आणि पॉलिएस्टर घरोघर शिरलं. ते फाटत नाही, विटत नाही, इस्त्री मागत नाही. बायकांचे कष्ट वाचले, त्याला कोण नावं ठेवील? पण गोधडीला ते निरुपयोगी. घाम पीत नाही आणि थरावर थर घातले की सरकतात. म्हणून आज बचत गटांच्या प्रदर्शनांत दिसणाऱ्या सुती गोधड्या बहुतेक नव्या, मुद्दाम विकत आणलेल्या कापडाच्या असतात. ज्यांना जरा वेगळं काही करायचं असतं त्या कोरा मांजरपाट आणून तो घरीच रंगवतात, ठसे उमटवतात. मीही निवृत्तीनंतर हाच खटाटोप आरंभला होता, आईच्या पातळांचा विचार डोक्यात येण्यापूर्वीच. त्यामुळे माझ्या चुका आधी उशांच्या अभ्र्यांवर करून झाल्या होत्या, हे एक बरं.

पहिली चूक हळदीची. काय सुरेख पिवळा आला होता! साबणाचं पाणी लागलं आणि अभ्रा लाल झाला. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं, मलाच ऐन वेळी आठवलं नाही. खळबळून धुतल्यावर पिवळा परतला, पण उन्हात आठवडाभर वाळत घातल्यावर तोही उडून गेला.

मग कांद्याची सालं. लासलगावच्या बाजूला आमचे पाहुणे आहेत. त्यांच्या ओळखीनं एका व्यापाऱ्याच्या खळ्यावरून पोतंभर सालं फुकट मिळाली. नाशिक जिल्ह्यात राहून रंगासाठी दूर का जावं? कांदा लासलगावचा, डाळिंबाची सालं सटाण्याची, हिरडा सह्याद्रीतला. सालं उकळली, लालसर पाणी झालं, अभ्रा बुडवला. बाहेर काढला तेव्हा सोनेरी, दोन धुण्यांनंतर कपात उरलेल्या चहासारखा.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. लोकर आणि रेशीम प्राण्यांपासून येतात, ती रंग चटकन धरतात. कापूस वनस्पतीचा, झाडापानांचे बहुतेक रंग त्याच्यावर नुसते बसतात आणि पाण्याबरोबर उठून जातात. रंग आणि धागा यांच्यामध्ये एक जामीनदार लागतो. तो म्हणजे तुरटी. पण तुरटीसुद्धा सुतावर नीट टिकत नाही, म्हणून तिच्याआधी हिरडा. हिरड्यातला तुरटपणा सुताला धरतो, तुरटी हिरड्याला धरते आणि रंग तुरटीला. कर्जदार, जामीनदार आणि जामीनदाराचा जामीनदार! मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा जो तुकडा सापडला तो मंजिष्ठेसारख्या मुळीनं लाल रंगवलेला होता. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणी तरी ही जामिनाची कागदपत्रं पुरी करीत होतं.

प्रमाणही लिहून ठेवते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. एक पातळ सुमारे ४०० ग्रॅम भरलं. त्याला ८० ग्रॅम हिरडेपूड, ८० ग्रॅम तुरटी आणि पातळाच्याच वजनाइतकी, म्हणजे ४०० ग्रॅम कांद्याची सालं. सालं इतकी हलकी असतात की ४०० ग्रॅमला मोठी पिशवी भरते. भांडं स्टीलचं घ्यावं आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

रंगाइतकीच मजा ठशांची. खरे ठसे सागवानाचे. गुजरातमधलं पेथापूर हे गाव ते कोरण्यासाठी प्रसिद्ध आहे. मी भेंडीच्या देठावर आणि खोडरबरावर भागवलं. हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर तुरटीचा लगदा ठशानं उमटवायचा. तो दाट व्हावा म्हणून चिंचोक्याचं पीठ. घोंगडीला देतात तीच ही खळ. वाळलं की भरपूर पाण्यात धुवायचं आणि मंजिष्ठेच्या पाण्यात शिजवायचं. जिथं तुरटी तिथं लाल, बाकी फिकट. गंमत म्हणजे ठसा मारताना काही दिसत नाही. माझ्या पहिल्या रांगा अशा वाकड्या गेल्या, की मावशीनं विचारलं, "बँकेत शिक्के असेच मारायचीस?" पण बँकेचा एक धडा इथं कामी आला. ठसा लगद्यात बुडवायचा नाही. लगदा कापडाच्या घड्यांवर पसरून त्यावर ठसा टेकवायचा. साक्षात स्टॅम्प-पॅड!

काळ्या रंगासाठी गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून पंधरा दिवस आंबवला. हा घोळ हिरड्याच्या कापडाला लागताच तिथल्या तिथं काळा होतो, जादूच वाटते. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी घरोघर करीत, तिचंही मर्म हेच. मी हौसेनं घोळ दाट केला. चार महिन्यांनी तो अभ्रा धुवायला घेतला तर काळे ठिपके गळून पडले, ठिपक्याएवढीच भोकं ठेवून. लोखंड जास्त झालं की सूत खातं. जुनी शाई कागद खाते, तसंच.

ते भोकांचं कापड हातात घेऊन मला धडकी भरली. हे मी आईच्या पातळावर केलं असतं तर?

जे लोक झाडापानांचा रंग म्हणजे निर्मळ आणि कारखान्यातला तो विषारी असं सरळ सांगून मोकळे होतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. तुरटी रसायनच आहे, मोरचूदही रसायनच. थंड पाण्यात धुण्याच्या सोड्याबरोबर सुताला पक्के बसणारे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. टिकण्यात माझा कांदा त्यांच्या पासंगाला पुरत नाही. प्रश्न वापरलेलं पाणी कुठं सोडता याचा आहे, आणि तो दोन्हीकडे आहे. मी कांदा घेतला त्याचं कारण एवढंच, की चुकला तर फिका होतो, आणि फिक्यावर पुन्हा चढवता येतो.

मावशीला पटवण्यासाठी मी एक गोष्ट शोधून ठेवली होती. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे, काळ्या शेतमजुरांची. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या आणि जग पाहायला लोटलं. त्यांत मिसूरी पेटवे या बाईची १९४२ मधली एक गोधडी होती. नवरा वारल्यावर त्याचे कामाचे कपडे उसवून तिनं ती केली, त्याची आठवण अंगावर घेता यावी म्हणून. दुपारी शेंगा सोलता सोलता मी हे सगळं रंगवून सांगितलं.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्या बाईनं ते कपडे रंगवले का गं?"

"नाही. होते तसेच."

"मग?" म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

विषय माझ्यापुरता संपला होता. तो पुन्हा काढला मावशीनंच, आणि वेगळ्याच टोकानं. मी कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा तुरटीत टाकत होते. ती ओट्याशी येऊन म्हणाली, "खळ काढलीस का याची? सोड्यात उकळून घे आधी. ताई दोनदा उकळायची."

"आई? आई कधी रंगवायची?"

मग जे कळलं ते मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. लग्नाआधी आई रंगाच्या पुड्या आणून धाकट्या बहिणींचे परकर, आजोबांच्या विटक्या धोतरांचे पडदे, सगळं घरी रंगवायची. दोन पुड्या मिसळून तिसराच रंग काढायची. "आठ-आठ दिवस हात जांभळे. बघायला आले तेव्हासुद्धा नखं जांभळी होती. आईनं पदराखाली लपवायला सांगितले हात."

मी १९८१ मध्ये बँकेत लागले. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आईसाठी एक फिकट जांभळं पातळ आणलं होतं. तिनं ते हातात घेतलं, पदर उलगडून पाहिला, काठ पाहिला आणि घडी घालून वहिनीला देऊन टाकलं. मी समजले, तिला आवडलं नाही. पांढरं तिनं आपणहून घेतलं होतं की घ्यावं लागलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. पदर मात्र तिनं बराच वेळ पाहिला होता, ते आता आठवतं.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा कुणी कुणाला विचारत नसे बाई." आणि थोड्या वेळानं, "एक पांढरं ठेव. बाकीच्यांचं तू बघ."

सहा पातळं सोड्यात उकळली. इतक्या वर्षांच्या धुण्यानं त्यांच्यात खळ उरलीच नव्हती, पाणी नितळ राहिलं. नव्या मांजरपाटापेक्षा त्यांनी रंग किती तरी एकसारखा धरला. तीन कांद्यात पिवळी झाली, एक डाळिंबाच्या सालीत, दोन मंजिष्ठेत. मंजिष्ठेचं पाणी खळखळ उकळू द्यायचं नसतं, नाही तर लालाचा तपकिरी होतो. पहिल्या वेळी माझं लक्ष फोनकडे गेलं आणि एक पातळ विटकरी झालं. दुसरं लाल आलं. लोखंड आईच्या सुताला लावलं नाही. काळे ठसे फक्त मांजरपाटाच्या काठावर, आणि घोळ पातळ. जांभळा या सामानातून मला साधला नाही. पुडी आणून करता आला असता. मावशी म्हणाली, "राहू दे. तो तिचा तिला यायचा."

लाल पातळ वाळत घातलं तेव्हा मावशी अंगणात बसली होती. उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच त्याच्या पट्ट्या फाडायला घेतल्या, कात्री न लावता, दातानं चीर देऊन.

शिवायला दीड महिना लागला. महिन्यासाठी आलेली मावशी संक्रांत करून गेली. पांढरं पातळ पोटाला आहे, भोवती पिवळं, मग विटकरी, लाल अगदी कडेला, बोटभर. पोटात धावदोरा तिनं घातला, कडेला मी. माझे टाके कुठले ते आंधळ्यालाही कळेल. शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिनं स्वयंपाकघरातून भाकरीचा चतकोर आणायला लावला आणि त्यातला नखाएवढा तुकडा आत सरकवला. गोधडी उपाशी ठेवायची नसते.

मार्चमध्ये पहिल्यांदा धुतली तेव्हा पिवळ्यानं थोडं पाणी सोडलं. लाल पक्का आहे. पांढऱ्याला एका बाजूनं किंचित गुलाबी झाक आली आहे. मावशीला फोन करून सांगितलं तर तिनं विचारलं, "कुठल्या बाजूनं?"