संवादाचा सराव दवाखान्यात
महाराष्ट्रात वक्तृत्वाला मोठा मान आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर १८७५ पासूनची. शाळाशाळांतून स्पर्धा होतात, मुले पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणतात, ढालही पटकावतात. मात्र त्याच मुलाला डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ असे विचारले, की उत्तर आई देते! विशीतल्या तरुणाच्या बाबतीतही हे घडते आणि जे केवळ त्यालाच ठाऊक असते, ते सांगायचे राहून जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत प्रभावी संवादाचा समावेश आहे. तो व्याख्यानाने नव्हे, सरावाने साधतो. त्रास कधी सुरू झाला, कुठे होतो, कशाने वाढतो, एवढे मुलाने निघण्यापूर्वी मनाशी जुळवावे. बोलताना तो अडखळला, तरी पालकांनी त्याचे वाक्य पूर्ण करू नये. (ती शांतता खरे तर पालकांनाच जड जाते.) औषध कोणते, केव्हा, किती दिवस घ्यायचे, हे त्याने डॉक्टरांना स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, ऐकण्यातील चूक तिथल्या तिथे कळते. ‘समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य मात्र घरीच मोठ्याने म्हणून पाहावे. अनेकांना तेच सर्वांत अवघड वाटते.