सी फ्युरी : जहाजाच्या मापाचे विमान

पिस्टन इंजिनाच्या लढाऊ विमानांच्या इतिहासात हॉकर सी फ्युरीची बोळवण बहुधा एका वाक्यात होते : विमान उत्तम, पण फार उशिरा आलेले. तारखा पाहिल्या तर हे पटते. पहिले सी फ्युरी २१ फेब्रुवारी १९४५ रोजी उडाले, जपान शरण आला तेव्हा ते चाचण्यांतच होते, आणि ब्रिटिश नौदलाच्या तुकड्यांपर्यंत पोचायला १९४७ उजाडले. तोवर ब्रिटिश वायुदलात जेट विमाने रुळली होती. तरीही हा निवाडा मला मान्य नाही, कारण तो विमानाला फक्त दुसऱ्या विमानाशी ताडून पाहतो. नौदलाचे विमान ज्या डेकवरून उडते त्या डेकशी ते ताडायला हवे. १९५० च्या सुमाराच्या लहान ब्रिटिश विमानवाहू नौकांवर सी फ्युरीइतके चपखल बसणारे दुसरे लढाऊ विमान नव्हते.

त्याचे मूळ काटछाटीत आहे. जून १९४२ मध्ये एक जर्मन वैमानिक दिशा चुकून आपले फॉके-वुल्फ १९० घेऊन वेल्समधील पेम्ब्रे तळावर उतरला. ते विमान लहान, आटोपशीर आणि तरी जबरदस्त ताकदीचे होते, आणि त्यापुढे हॉकरची टायफून-टेम्पेस्ट ही विमाने अवजड वाटू लागली. हॉकरचे रचनाकार सिडनी कॅम यांच्या चमूने टेम्पेस्टच्या पंखांचा मधला भाग काढून टाकला, दोन्ही बाजूंचे पंख धडाच्या मध्यरेषेवर एकमेकांना जोडले, आणि वैमानिकाची बैठक उंच केली. ही उंच बैठक मला या आराखड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण डेकवर उतरताना लांब नाकामागे बसलेल्या वैमानिकाला पुढचे दिसणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. इंजिन ब्रिस्टल सेंटॉरस : १८ सिलिंडर, जवळपास २,४८० अश्वशक्ती. त्यात नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी पिस्टनभोवती सरकणाऱ्या नळ्या हवा आत घेण्याचे व जळका वायू बाहेर सोडण्याचे काम करत. ही ताकद पेलायला पाच पात्यांचा प्रॉपेलर लागला. ताशी सुमारे ७४० किलोमीटर वेग आणि २० मिलिमीटरच्या चार तोफा असलेल्या या विमानाचे पंख दुमडून ते डेकखालच्या हँगरमध्ये मावत असे. युद्ध संपताच वायुदलाने आपली मागणी रद्द केली. नौदलाने मात्र ती सोडली नाही.

का सोडली नाही, हे सीफायरच्या अनुभवावरून कळते. सीफायर म्हणजे नौदलासाठी फेरफार केलेले स्पिटफायर; हवेत देखणे, पण अरुंद चाकांचे आणि नाजूक अंगाचे. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या किनाऱ्याजवळ वारा पडलेला असताना लहान नौकांवर उतरताना जितकी सीफायर मोडली, तितकी शत्रूने पाडली नाहीत. कोरियाचे युद्ध पेटले तेव्हा ‘ट्रायम्फ’ नौकेवर सीफायरची शेवटची आवृत्ती होती. काही महिन्यांतच डेकवरच्या आदळआपटीने त्यांची धडे सुरकुतली आणि उडण्याजोगी थोडीच उरली. ‘ट्रायम्फ’ची जागा १९५० च्या शरदात ‘थिसियस’ने सी फ्युरींसह घेतली. पुढे विमानांना डेकवरून झेप देणारे कॅटापल्ट नादुरुस्त झाले तेव्हा रॉकेटचा जोर घेऊन ही विमाने डेकवरून उचलली, पण काम थांबवले नाही.

यावर आक्षेप असा की जेट तर डिसेंबर १९४५ मध्येच डेकवर उतरले होते. एरिक ब्राउन यांनी ‘ओशन’वर व्हॅम्पायर उतरवले, हे खरे. पण एका निष्णात वैमानिकाने एक विमान उतरवणे वेगळे आणि थकलेल्या तुकडीने उसळत्या समुद्रात रोज उतरणे वेगळे. त्या काळच्या जेट इंजिनांना थ्रॉटल पुढे ढकलल्यावर जोर धरायला वेळ लागे, इंधन ती भराभर पीत, आणि डेक सरळ असल्याने विमानाचा हुक डेकवरच्या तारेत अडकायचा चुकला तर समोर उभ्या विमानांवर आदळण्याची भीती असे. अमेरिकन नौदलाने कोरियात जेट वापरली, पण त्यांच्या नौका कितीतरी मोठ्या होत्या, आणि त्यांच्यावरूनही कॉर्सेअर, स्कायरेडर ही पिस्टनची विमाने उडतच होती. सुमारे २१० मीटर लांबीच्या, २५ नॉट वेगाच्या ऑस्ट्रेलियन ‘सिडनी’ने ११ ऑक्टोबर १९५१ रोजी सी फ्युरी आणि फायरफ्लाय मिळून एका दिवसात ८९ उड्डाणे केली. सी फ्युरीच्या बाजूने मी आधी हाच आकडा पुढे ठेवीन. ९ ऑगस्ट १९५२ च्या चकमकीत मिग-१५ हे जेट पाडल्याचे श्रेय सी फ्युरीचे वैमानिक पीटर कारमायकल यांना मिळाले आणि त्यावरून पुढे वादही झाला. त्या घटनेने विमान प्रसिद्ध झाले, पण त्याचे खरे काम पूल, रेल्वे आणि रसद उडवण्याचे होते. त्या कामात जमिनीवरच्या तोफांनी बरीच सी फ्युरी पाडली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उतरता उतरता कमी वेगात वैमानिकाने घाईने पूर्ण जोर दिला, तर त्या प्रचंड प्रॉपेलरच्या पिळाने विमान कलंडून उलटे होऊ शकत असे. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. दोन-अडीच हजार अश्वशक्ती इतक्या लहान धडात बसवल्याची ती किंमत होती, आणि ती माणसांनी मोजली. माझा दावा इतकाच की त्या डेकसाठी त्याहून कमी किमतीचा आणि तितक्याच उपयोगाचा पर्याय नौदलाच्या हाती नव्हता.

पर्याय आला तो नौका बदलल्यावर, आणि याचा पुरावा मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. ‘सिडनी’ ज्या मॅजेस्टिक वर्गातली, त्याच वर्गातले ‘हरक्युलिस’ हे अर्धवट राहिलेले जहाज भारताने घेतले. बेलफास्टमध्ये त्यावर तिरका डेक आणि वाफेचे कॅटापल्ट बसवून ते ४ मार्च १९६१ रोजी ‘विक्रांत’ नावाने नौदलात दाखल झाले. त्यावरून उडणाऱ्या सी हॉक जेटची कल्पना मुळात फ्युरीच्या धडात जेट इंजिन बसवण्याच्या आराखड्यातून निघाली होती. डिसेंबर १९७१ मध्ये याच सी हॉकनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले.